नाणेघाटाची एक दिवसाची सहल: आधी लेणं, मग उलटा धबधबा

दोन वर्षांपूर्वी जुलैच्या एका रविवारी मी नाणेघाटाला गेले आणि नाणेघाट न बघताच परत आले. पठारावर दोन तास भिजले, उलट्या उडणाऱ्या पाण्याचे तीस फोटो काढले, प्लास्टिकच्या पेल्यात चहा प्यायले आणि बसमध्ये बसले. ज्या खिंडीमुळे त्या जागेला नाव मिळालं, ती तिथून हाकेच्या अंतरावर होती. खिंडीतून पाच-दहा मिनिटं खाली उतरलं की दोन हजार वर्षांपूर्वीचं लेणं, त्यात एका राणीचा शिलालेख. आमच्या ‘ट्रिप लीडर’ने त्याचं नावसुद्धा काढलं नाही. चूक त्याची होतीच, पण मीही काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर तीनदा जाऊन आले. एकदा सासूबाईंना घेऊन, त्यांचं वय चौसष्ट. पुण्यातून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय विचारायचं, काय न्यायचं आणि कुठे फसायचं नाही, ते क्रमाने सांगते.

१. कुठला नाणेघाट, ते आधी ठरवा

नवखे सगळ्यात जास्त इथे गोंधळतात. ‘नाणेघाट’ या एकाच नावाने दोन वेगळ्या सहली विकल्या जातात.

पहिली खालून वर. कोकणाच्या बाजूला, कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या वैशाखरे गावाजवळून चढायला सुरुवात होते. दोन-तीन तासांची खडी चाल आहे. मुंबईचे लोक बहुतेक हीच करतात.

दुसरी वरून. पुण्याहून नारायणगाव, जुन्नर, चावंड, घाटघर अशी गाडी थेट पठारावर पोचते. चालणं फार नाही. हा लेख या दुसऱ्या सहलीबद्दल आहे.

जाहिरातीत ‘नाणेघाट ट्रेक’ लिहिलेलं असेल तर सुरुवात कुठून, हे विचारून घ्या. माझी एक मैत्रीण साध्या सँडलवर पहिल्या प्रकारच्या सहलीला जाऊन पोचली होती. ‘नाणेघाट अधिक जीवधन’ असं दिसलं तर पहिल्या खेपेला सरळ नाही म्हणा. जीवधन हा शेजारचा किल्ला. त्याची वाट पावसात निसरडी असते आणि तिथल्या कातळातल्या पायऱ्यांवर अनुभवी माणसंही जपून पाय टाकतात.

२. दिवस निवडा

उलटा धबधबा बारमाही नाही. त्याला पाऊस हवा आणि जोराचा वारा हवा. नैर्ऋत्येकडून आलेला वारा कोकणातून येऊन सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आदळतो आणि पुढे वाट नसल्याने भिंतीलगत वर चढतो. पठारावरून कड्याकडे वाहत आलेलं पाणी खाली पडण्याआधीच तो वारा उचलतो आणि मागे फेकतो. वारा पडला की तेच पाणी इतर धबधब्यांसारखं मुकाट खाली जातं. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये जा, पण ‘दिसणारच’ अशी हमी देणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. एकदा आम्हाला चार तास फक्त धुकं दिसलं. धबधब्याचा आवाज मात्र येत होता.

रविवार टाळा. १५ ऑगस्ट तर टाळाच. घाटघरचा रस्ता अरुंद आहे. एक मोठी बस आडवी आली की दोन्हीकडे रांगा लागतात आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर पावसात चालावं लागतं. शनिवारी त्या मानाने बरं. मंगळवार-बुधवारी रजा मिळत असेल तर त्यासारखं सुख नाही.

निघायच्या आदल्या दोन दिवशी दोन गोष्टी तपासा. हवामान खात्याचा पुणे जिल्ह्यासाठीचा इशारा पाहा. लाल इशारा असेल तर जायचं नाही, नारिंगी असेल तर घाटाकडे तोंड करू नका. दुसरं म्हणजे जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश. २०२४ च्या जून महिन्यात लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं धबधब्याच्या लोंढ्यात वाहून गेली. अशा दुर्घटनांमुळे पावसाळी पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघतात. सगळं बंद, ठरावीक वेळेनंतर बंद, पाण्यात उतरायला बंदी, असे त्याचे प्रकार असतात. ‘आम्ही करतो मॅनेज’ असं आयोजक म्हणाला तर फोन ठेवून द्या.

३. आयोजकाला हे पाच प्रश्न विचारा

पैसे भरण्याआधी फोनवर विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. तोंडी उत्तराला नंतर काही अर्थ राहत नाही.

लेण्यात उतरणार का, आणि किती वेळ थांबणार? ‘वेळ मिळाला तर’ या उत्तराचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा. माझ्या पहिल्या सहलीत तोच होता. किमान पाऊण तास हवा.

सोबत गाइड आहे की नुसता लीडर? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लीडर डोकी मोजतो, शिट्टी वाजवतो, अंताक्षरी घेतो. पहिल्या खेपेला आमच्याबरोबर कॉलेजातला एक हसरा मुलगा होता. गाण्यांची यादी त्याला तोंडपाठ होती. सातवाहन म्हणजे कोण, हे विचारल्यावर त्याने मोबाइल काढला, पण तिथे नेटवर्क नव्हतं. गाइड म्हणजे जागेची माहिती असलेला माणूस. घाटघर परिसरातला स्थानिक वाटाड्या घेणार असतील तर उत्तमच. धुक्यात कडा कुठे संपतो, हे त्यालाच ठाऊक असतं.

किती माणसांमागे एक लीडर? पंधरापेक्षा जास्त असतील तर लेण्यात तुम्हाला फक्त पाठी दिसतील.

गाडी कोणती? सतरा सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर घाटघरच्या रस्त्याला बरी. मोठी बस असेल तर ती कुठपर्यंत जाणार, ते विचारा.

रद्द झाली तर पैशांचं काय? प्रशासनाने बंदी घातली तर पूर्ण पैसे परत की पुढची तारीख, हे आधी ठरवून घ्या. माझे एकदा साडेबाराशे रुपये ‘पुढच्या तारखेला’ गेले आणि ती तारीख अजून यायची आहे.

बहुतेक जण एका फॉर्मवर सही घेतात. त्यात ‘कुठल्याही अपघाताला आम्ही जबाबदार नाही’ असं असतं. सही करावीच लागते, पण वाचून करा. रक्तगट, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर खरा भरा. लाजेखातर दमा लपवू नका.

४. सामान

सासूबाईंसाठी केलेली ही यादी पुढे आमच्या सोसायटीत सगळ्यांनी वापरली.

- आधार कार्डाची झेरॉक्स, प्लास्टिकच्या पिशवीत
- रोख पैसे, त्यात दहा-वीसच्या नोटा. जुन्नर मागे पडलं की नेटवर्क जातं-येतं आणि त्याबरोबर यूपीआयही
- खाचा शाबूत असलेले बूट. तळवा घासून गुळगुळीत झालेला बूट आणि शेवाळ यांचं जमत नाही
- रेनकोट. छत्री नको, वाऱ्याने पहिल्या मिनिटात उलटी होते आणि मग शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते
- कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल, हे गाडीतच ठेवायचं
- हातातली विजेरी. मोबाइलची नव्हे. का ते पुढे येईल
- पाणी, चिक्की किंवा खजूर, स्वतःची औषधं
- गाडी लागणाऱ्यांसाठी आवळा सुपारी किंवा डॉक्टरने दिलेली गोळी

जीन्स घालू नका. भिजली की दिवसभर दोन किलो ओझं वागवावं लागतं.

५. पुण्यातून निघणं

साडेपाचला वाकडेवाडी. उशीर नको. नाशिक फाटा, भोसरी, चाकण अशी माणसं गोळा होत जातात. चाकणच्या चौकात कंपन्यांची शिफ्ट सुटायच्या आत पार झालात तर निम्मी लढाई जिंकलीत. पुढे राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. नारायणगाव पुण्यापासून साधारण पंचाहत्तर किलोमीटर. तमाशाच्या फडांचं गाव म्हणून नाव आहेच, जवळच्या खोडदला रेडिओ दुर्बिणींचा प्रकल्पही आहे. नाश्ता इथेच उरका. स्वच्छ स्वच्छतागृहही इथेच वापरा, पुढे हाल आहेत. बायकांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं.

स्वतःहून जायचं असेल तर वाकडेवाडीहून जुन्नरची एसटी मिळते. जुन्नरहून घाटघरकडे मात्र गाड्या मोजक्या, आणि परतीची चुकली तर रात्र तिथेच. पहिल्यांदा जाताय तर हा खेळ करू नका.

६. वाटेत कुकडेश्वर

जुन्नर सोडल्यावर डावी-उजवीकडे किल्ले दिसू लागतात. शिवनेरी, हडसर, चावंड आणि टोकाला जीवधन. हे चौघे या घाटवाटेचे राखणदार. चावंडच्या पुढे पूर नावाच्या गावात कुकडी नदीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. शिखर नाही, पण भिंतींवरचं कोरीव काम डोळे निवतील असं. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. बऱ्याच सहलींच्या कार्यक्रमात हे नसतं. रस्त्यालगत आहे, वीस मिनिटं पुरतात. गाडी थांबवायला आधीच सांगून ठेवा. आयत्या वेळी ड्रायव्हर ऐकत नाही.

७. पोचल्यावर आधी लेणं

सगळी गर्दी धबधब्याकडे पळते. तुम्ही उलटं करा. सकाळी लेण्यात माणूस नसतो, आणि धुकं असलं तरी गुहेत काही बिघडत नाही. दुपारनंतर खालून चढून आलेले ट्रेकर तिथेच डबे उघडतात.

पठारावर खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात यात टाकत, अशी समजूत आहे आणि ‘नाणे’घाट हे नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचा. रांजणापाशी फोटो काढा, त्यात रॅपर टाकू नका. टाकतात लोक.

तिथून कातळाच्या फटीतून दगडी पायऱ्यांची अरुंद वाट खाली उतरते. पावसात हीच ओढ्याची वाट होते, घोट्यापर्यंत पाणी असतं. उतरताना शरीर थोडं मागे आणि गुडघे वाकवून, एका वेळी एकच पाय. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही, तो घसरला तर दोघेही जाल. आमच्या सासूबाई पायऱ्यांवर सरळ बसत बसत उतरल्या. कपडे चिखलाचे झाले. त्यांना फरक पडला नाही, तुम्हालाही पडू नये. पाणी गुडघ्याला लागत असेल तर मात्र उतरू नका, पाऊण तास थांबून बघा.

गुहा बाहेरून अगदी साधी आहे. अजिंठा-कार्ल्याची सवय असलेल्याला ‘एवढंच?’ वाटेल. आत खांब नाहीत, चैत्य नाही. एक चौकोनी खोली, कडेने दगडी बाक आणि भिंतींवर अक्षरं. इथे विजेरी लागते. झोत अक्षरांवर समोरून मारलात तर सपाट भिंत दिसते. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून कडेने तिरपा उजेड पाडा. खोदलेल्या रेघांत सावली साचते आणि ओळीच्या ओळी वर येतात. हे मला दुसऱ्या खेपेच्या वाटाड्याने दाखवलं. काहीही न बोलता त्याने माझा हात धरून विजेरी भिंतीकडे वळवली होती.

डाव्या आणि उजव्या भिंतीवरचा मोठा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. काळ इसवीसनपूर्व पहिलं शतक, काही अभ्यासक त्याला आणखी मागे नेतात. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा हा लेख. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल म्हणजे दिशांचे रक्षक देव यांना नमन. मग केलेल्या यज्ञांची यादी, त्यात अश्वमेध आहे, राजसूय आहे. आणि प्रत्येक यज्ञाला काय दक्षिणा दिली त्याचा हिशोब, गायी किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापणं किती. कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं. जकातीच्या वाटेवर राणीने आपला खर्च कोरून ठेवला, याची मला फार गंमत वाटते.

या हिशोबामुळेच लेखाला वेगळं महत्त्व आलं. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी हे एक. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथले आकडे उलगडले. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. शून्य नाही. शंभराला, हजाराला वेगळी चिन्हं आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना रेघांचे आकडे शोधायला लावा, पाऊण तास कसा गेला कळणार नाही.

मागच्या भिंतीशी खरी गोष्ट आहे. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज पावलांचे जेमतेम अवशेष दिसतात, पण डोक्यावरची नावं टिकली. पहिलं नाव ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’. मोठ्याने वाचा. ‘राया’ अजून आपल्या लावणीत आहे. त्याच्या शेजारी देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, मग कुमार आणि एक महारठी, म्हणजे त्या काळचा बडा सरदार. माणसं झिजून गेली आणि नावं राहिली. सासूबाई त्या रिकाम्या जागेसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “हिचे पाय तरी शिल्लक आहेत का गं?”

भिंतीला हात लावू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी लावणारे महाभाग भेटतात, त्यांना हटकायला संकोचू नका. जवळच पाण्याची कोरीव टाकी आहेत. त्यांच्या काठावर शेवाळ असतं, दुरूनच बघा.

८. आता धबधबा

वर आल्यावर पठारावरून कड्याकडे. इथे नियम थोडे आहेत, पण ते पाळायचेच.

कठड्याच्या किंवा दोरीच्या आत राहा. दोन्ही नसेल तर कड्यापासून किमान दहा पावलं मागे. वारा अंगावर रेलून धरतो, तेव्हा पुढे झुकून उभं राहायची मजा वाटते आणि पोरं तसे व्हिडिओ काढतात. वारा एका क्षणात पडतो. तेव्हा मागे खेचणारं कुणी नसतं.

धुकं उतरलं की होता तिथेच थांबा, खाली बसा, आवाज द्या. धुक्यात चालत राहणारा माणूस कड्याकडे चालला आहे की गाडीकडे, हे त्याला स्वतःलाच समजत नाही.

ओढ्याच्या प्रवाहात उतरू नका, घोट्याएवढं पाणी दिसलं तरी. ते पाणी पुढे कुठे जातंय, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

टोपी, चष्मा, मोबाइल दोरीने बांधा. गेलेली वस्तू कोकणात शोधावी लागते. काही अघटित घडलंच तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, आणि नेटवर्क नसेल तर कुणालातरी घाटघरकडे पळवा.

अर्धा तास पुरे होतो. उलटं येणारं पाणी तोंडावर सुयांसारखं टोचतं, लहान मुलं पाच मिनिटांत रडायला लागतात.

९. जेवण

घाटघरला घरगुती पिठलं-भाकरी, ठेचा मिळतो, पण आधी सांगून ठेवावं लागतं. आयोजकाने ‘जेवणासह’ म्हटलं असेल तर ते कुठे, हे विचारा. पाकिटातला थंड पुलावही ‘जेवण’ असतो. चुलीपाशी बसायला मिळालं तर कपडेही वाळतात. परतीला जुन्नर-नारायणगाव भागात मासवडी खा. नावात मासा आहे, वडीत नाही. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वर झणझणीत रस्सा.

१०. परतीची वेळ

तीनला गाडी हललीच पाहिजे. ‘अजून दहा मिनिटं’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो, त्याचं ऐकलं की चाकणला आठ वाजतात. त्या भागात संध्याकाळनंतर बिबट्याचा वावर असतो, तेव्हा ‘जरा आडोशाला’ म्हणून गाडीपासून लांब जाऊ नका. कोरडे कपडे गाडीत बसण्याआधीच बदला, नाहीतर एसीत थंडी वाजून येईल. नेटवर्क आलं की घरी कळवा.

घरी पोचल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. तरी दुसऱ्या दिवशी वाळत नाहीत. ऑफिसला चपला घालून जायची तयारी ठेवा.